जुन्या लॅपटॉपवर मराठी टायपिंग करायचंय? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, फॉन्ट कोणता आणि जुन्या फाइली कशा वाचवाव्यात

ब्रह्मपुरी : घरात दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप पडून आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला प्रकल्प टाईप करून द्यायचा आहे. किंवा वडिलांकडे ग्रामसभेचं काम आहे, वनहक्काचा ठराव मराठीत नीट छापून हवा आहे. लॅपटॉप दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "याच्यात आता काही होत नाही, नवीन घ्या." धानाचे पैसे अजून हातात यायचे असतात. अशा वेळी नवीन मशीन घेण्याआधी ही माहिती वाचून घ्या. फक्त लिहिणे, छापणे आणि मेल करणे एवढंच काम असेल तर जुना लॅपटॉप अजून काही वर्षं सहज चालू शकतो. सॉफ्टवेअर मात्र मशीनच्या ताकदीप्रमाणे निवडावं लागते.

आधी लॅपटॉप तपासा

'धिस पीसी' किंवा 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : रॅम किती जीबी आहे, सिस्टीम ३२ बिट आहे की ६४ बिट, आणि विंडोज कोणतं आहे. हार्ड डिस्कवर किती जागा रिकामी आहे तेही पाहा.

विंडोजचं कारण असं, की मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला बंद केलं, विंडोज ८.१ ला १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये हे नसतेच. त्यामुळे अशा मशीनवर विंडोज ११ बसवायच्या मागे लागू नका.

पर्याय १ : लिब्रेऑफिस

बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय आहे. ओपनऑफिसपासून २०१० मध्ये वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था चालवते. ते पूर्ण मोफत आहे. लायसन्स नाही, क्रॅक नाही, दरवर्षीचे पैसे नाहीत. लिहिण्यासाठीच्या भागाचं नाव 'रायटर'. संस्थेने सांगितलेली किमान गरज २५६ एमबी रॅम आणि दीड जीबी जागा एवढीच आहे. प्रत्यक्षात २ जीबी रॅम असेल तर काम बरं चालते, ४ जीबी असेल तर आरामात.

एक लक्षात ठेवा. लिब्रेऑफिसची २५.८ पासूनची आवृत्ती विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. तिथे २५.२ ही शेवटची मालिका वापरावी लागेल. ३२ बिट मशीन असेल तर ३२ बिटचीच फाइल उतरवा. फाइल साधारण साडेतीनशे एमबीची असते. गावात नेटवर्क कमजोर असेल तर ब्रह्मपुरीला किंवा वडसाला आल्यावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये न्या. इन्स्टॉल करायला इंटरनेट लागत नाही.

मराठीसाठी एक सेटिंग करायलाच हवी. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करा आणि भाषा मराठी निवडा. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा धरते. ही सेटिंग केली नाही तर तुम्ही १४ चा आकार निवडता, इंग्रजी मोठं होते आणि मराठी तसंच राहते. "सॉफ्टवेअरच खराब आहे" म्हणून लोक इथेच सोडून देतात.

पर्याय २ : आधीपासून असलेलं जुनं वर्ड

लायसन्स असलेलं वर्ड २००७ किंवा २०१० मशीनमध्ये असेल तर ते लगेच बंद पडत नाही. मात्र २००७ चा आधार ऑक्टोबर २०१७ मध्ये, २०१० चा ऑक्टोबर २०२० मध्ये संपला. २०१६ आणि २०१९ चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा वर्डमध्ये स्वतःचं लिखाण करा. पण मेलवर किंवा व्हॉट्सअपवर अनोळखी माणसाकडून आलेली फाइल त्यात उघडू नका.

दुकानातून "फुल ऑफिस टाकून देतो" म्हणून मिळणारी क्रॅक कॉपी घेऊ नका. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि दार तिथेच उघडं पडते. त्याच लॅपटॉपवर बँकेचा किंवा आधारचा व्यवहार होत असेल तर धोका मोठा आहे.

पर्याय ३ : वर्डपॅड आणि गुगल डॉक्स

रॅम १ जीबी असेल आणि फक्त अर्ज किंवा पत्र लिहायचं असेल तर विंडोजमधलं वर्डपॅड पुरते. विंडोज ९५ पासून ते सोबत येत होतं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काढलं गेलं. म्हणजे जुन्या लॅपटॉपवर ते आहे. त्यात हेडर-फूटर, तळटीपा, शुद्धलेखन तपासणी नाही. प्रबंध किंवा नाटकाची संहिता त्यात करायला जाऊ नका.

गुगल डॉक्समध्ये लिहिलेलं आपोआप साठवलं जाते आणि मोबाईलवरही दिसते. पण त्याला चांगला ब्राउझर लागतो. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ आहे, त्यानंतरचं बसत नाही. ऑफलाइन सोय आहे, पण ती नेट असतानाच आधी सुरू करून ठेवावी लागते. एक सोपा उपाय : मोबाईलवर जीबोर्डने मराठीत बोलून मजकूर लिहा, तो डॉक्समध्ये साठवा आणि मांडणी लॅपटॉपवर करा. नावं आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासा.

पर्याय ४ : विंडोजच बदलणे

विंडोज ७ फारच सुस्त झालं असेल आणि मशीन ६४ बिट असेल तर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती बसवता येते. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, लिब्रेऑफिस सोबतच येते आणि सुरक्षा अपडेटही मिळत राहतात. आपल्याच सीडॅकने केलेली 'बॉस' ही लिनक्स भारतीय भाषांसाठी आहे. त्याहून लहान मशीन असेल तर लिनक्सवर 'अबीवर्ड' हे हलकं सॉफ्टवेअर चालते. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा : वायफाय, आवाज आणि तुमचा प्रिंटर चालतो का? चालत असेल तरच पुढे जा. आणि सगळ्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

सॉफ्टवेअरपेक्षा मोठा प्रश्न फॉन्टचा

आपल्याकडे मराठी टायपिंग अनेकांनी कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या फॉन्टवर शिकलं. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. तुम्ही 'भारत' लिहिता तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी एच, के, के, जे, आर ही अक्षरं साठवली जातात, फक्त त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवलेलं असते. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे तुमचा ठराव इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. ऑनलाइन अर्जाच्या रकान्यात चिकटवला तरी तेच होते.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. विंडोजसोबत आलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने घडवला. आज राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा', तसेच 'मुक्ता' आणि 'नोटो' हे फॉन्ट मोफत मिळतात. फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो.

"आम्ही रेमिंग्टन शिकलो, आता इनस्क्रिप्ट नव्याने शिकायचं का?" हा प्रश्न नेहमी येतो. गरज नाही. कळफलक वेगळा आणि युनिकोड वेगळं. रेमिंग्टनच्या बोटांनीही युनिकोडमध्ये लिहिता येते, त्यासाठी तसा इनपुट बसवावा लागतो. नव्याने शिकणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहेच, आणि २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक'ही आहे. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार असाल तर परीक्षेचा कळफलक कोणता ते आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये विचारूनच सराव करा.

जुन्या फाइली आत्ताच बदला

वनहक्क कायदा २००६ चा. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. अशा कामाचे ठराव, नकाशाच्या नोंदी, हद्दीची वर्णनं पुढेही वर्षानुवर्षं लागतात. झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहितांचंही तसंच. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली फाइल मशीनसोबत मरते.

काम या क्रमाने करा :

१. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. तिला हात लावू नका.

२. मूळ फॉन्ट असलेल्या मशीनवर फाइल उघडून तिची पीडीएफ करा. म्हणजे मूळ मजकूर दिसायचा कसा, याचा पुरावा राहतो.

३. दुसऱ्या प्रतीवर फॉन्ट परिवर्तक वापरून युनिकोड करा. गोपनीय कागद ऑनलाइन परिवर्तकात टाकू नका.

४. पीडीएफ समोर ठेवून ओळ न ओळ तपासा. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे चुका होतात. आकड्यांना जास्त जपा. गट क्रमांकातला एक आकडा बदलला तर दावा भलत्याच जमिनीचा होतो.

लाइन जाते, बॅटरी नाही

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेलीच असते. लाइन गेली की दोन तासांचं काम गेलं. रायटर आणि वर्ड दोन्हीत 'ऑटोरिकव्हरी'ची वेळ पाच मिनिटांवर आणा, तरीही दर परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबायची सवय ठेवा. छापायला दुकानात पीडीएफच न्या, कारण त्यात फॉन्ट सोबत जातो आणि मांडणी हलत नाही. कॉलेजने किंवा कार्यालयाने वर्डचीच फाइल मागितली तर रायटरमधून 'डॉकएक्स' म्हणून साठवा, सोबत पीडीएफही द्या.

थोडक्यात निवड

रॅम १ जीबी : वर्डपॅड, किंवा हलकं लिनक्स आणि अबीवर्ड. २ जीबी : लिब्रेऑफिस, विंडोज सुस्त असेल तर मिंटसोबत. ४ जीबी : लिब्रेऑफिस, आणि नेट बरं असेल तर जोडीला गुगल डॉक्स. पैसे खर्च करायचेच असतील तर सॉफ्टवेअरवर करू नका. रॅम ४ जीबी करता येते का आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसते का, हे आधी दुकानात विचारा. लॅपटॉपचा वेग सगळ्यात जास्त त्यानेच वाढतो.