अक्काचा प्रश्न

वडिलांचे वर्षश्राद्ध झाले, आणि पुढच्याच रविवारी दादाने अक्कापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. अक्षर माझे होते. घरात एखादा शाळामास्तर असला की असली कामे त्याच्याकडेच येतात! अक्काने कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "सही करीन रे, पण मी सोडते आहे ते केवढे, एवढे तरी कळू दे."

आम्हां दोघा भावांना उत्तर देता येईना. घराची किंमत आम्ही काढलीच नव्हती.

त्या रात्रीपासून मी जुने कायदे चाळू लागलो. गेलेल्या माणसाच्या घराची किंमत सरकारने मात्र कधीच विचारायची सोडली नव्हती. १८७० च्या कोर्ट फीच्या कायद्यात प्रोबेटची फी मिळकतीच्या किमतीवरच ठरे. १५ ऑक्टोबर १९५३ पासून मृत्युकर आला. माणूस गेला त्या दिवशी खुल्या बाजारात मिळकतीला जी किंमत आली असती, तिच्यावर तो आकारीत. वरच्या टप्प्याला त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. मार्च १९८५ मध्ये तो उठला. कराकरिता घरे मोजली गेली, परंतु बहिणीला आकडा सांगण्याकरिता मोजावीत, असे किती घरांत कोणाला वाटले असेल?

कायद्यानेही भावांना सवलत ठेवली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच वाटा दिला. पण त्याच कायद्याचे २३ वे कलम म्हणे, कुटुंब राहते त्या घराची वाटणी भाऊ करायला निघतील तेव्हाच. तोवर बहिणीने ती मागू नये. वाटा आहे, पण मागायचा नाही! हे कलम ९ सप्टेंबर २००५ ला गेले. कलम गेले, सवय राहिली. माझा मसुदा हा त्याच सवयीचा पुरावा.

असो. आम्ही सरकारमान्य व्हॅल्युअर बोलावला. त्याने मिळकत पत्रिका पाहिली, टेप धरली आणि पहिलाच प्रश्न केला, "कोणत्या तारखेची किंमत हवी?" वडील गेले त्या दिवसाची निराळी, आजची निराळी, आणि घर विकायचे झाल्यास भांडवली नफ्याच्या करासाठी १ एप्रिल २००१ ची निराळी. घर एक, किमती तीन! आम्ही आजची मागितली. त्याने जागेचे मोल वेगळे धरले, बांधकामाचे वेगळे. आज बांधायला जो खर्च येईल, त्यातून वयोमानाची झीज वजा केली. रेडी रेकनरचा दर आणि आळीतले अलीकडचे व्यवहार पडताळले. वडिलांनी हौसेने बसवलेल्या सागवानी दारांचे फारसे काही आले नाही. आकडा फुगला तो जागेमुळे.

तो आकडा मी अक्काला वाचून दाखवला आणि त्याचे तीन भागही. तिने सही केली नाही. तिचा हिस्सा आम्ही दोघे भाऊ हप्त्यांनी देणार आहोत. दादा अजून थोडा घुश्शात आहे.

भाऊबीजेला अक्का नेहमीप्रमाणे येणार आहे. इतकी वर्षे तिच्या ताटात मी ओवाळणी घालीत आलो, आणि मनाशी म्हणत आलो की बहिणीचे देणे फिटले. यंदा ओवाळणी घालताना ते म्हणायचा धीर होणार नाही.