1,664 कोटींच्या धनादेशाचा हिशेब

18 फेब्रुवारी 1974 रोजी दिल्लीत अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी वित्त मंत्रालयाचे सचिव एम. जी. कौल यांच्या हाती एक धनादेश दिला. रक्कम 1,664 कोटी रुपये. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. गिनीज बुकाने त्या काळचा सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद घेतली. डॉलरमध्ये ही रक्कम तेव्हा सुमारे 204 कोटी भरत होती. अमेरिकेतल्या ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी 1974 मध्ये 49.3 होती, 2023 मध्ये 304.7. त्या प्रमाणात 2023 च्या भावाने सुमारे 1,260 कोटी डॉलर.

गणित बरोबर आहे, पण धरलेलं वर्ष मला पटत नाही.

हे पैसे 1974 मध्ये आलेच नव्हते. ऑगस्ट 1956 च्या पहिल्या पीएल-480 (अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालच्या) करारापासून अमेरिकेचा गहू आपल्या बंदरांत उतरत होता आणि त्याची किंमत भारत रुपयांत अमेरिकेच्या खात्यावर जमा करत होता. त्या साठलेल्या रुपयांपैकी सुमारे दोन तृतीयांशावरचा हक्क अमेरिकेने या धनादेशाने सोडला. देशाला धान्याचा आधार मिळाला तो जहाजं रिकामी झाली तेव्हा. भाववाढीचा हिशेबही तिथूनच सुरू व्हायला हवा.

1957 मधला शंभर रुपयांचा गहू घेऊ. डॉलर तेव्हा 4.76 रुपयांना होता, म्हणजे तो गहू 21 डॉलरचा. त्या वर्षीचा निर्देशांक 28.1, 2023 च्या भावाने त्याचे सुमारे 228 डॉलर होतात. तेच शंभर रुपये धनादेशाच्या दिवशी मोजले तर? मध्ये जून 1966 चं रुपयाचं अवमूल्यन होऊन गेलेलं. धनादेशाच्या आकड्यांवरून दर 8.13 च्या आसपास निघतो. म्हणजे 12.3 डॉलर, 2023 च्या भावाने जेमतेम 76. व्याज दोन्हीकडे बाजूला ठेवलं, तरी गहू तोच आणि किंमत तिपटीने वेगळी!

म्हणून एकूण रकमेला एकच गुणक लावून चालत नाही. प्रत्येक वर्षाची आवक वेगळी काढून, त्या वर्षीच्या विनिमय दराने डॉलर करून, त्या वर्षीचाच निर्देशांक लावावा लागतो. गव्हाची आवक मदत म्हणून एकदा मांडली, तर 1974 चा धनादेश त्याच बेरजेत पुन्हा धरता येत नाही. तो कर्जमाफीच्या रकान्यात वेगळा दाखवावा लागतो.

रुपयांतला हिशेब मात्र स्वतंत्र मांडावा, कारण त्याला भारतातली भाववाढ लावावी लागते. ऑक्टोबर 1973 नंतर खनिज तेल काही महिन्यांत जवळजवळ चौपट महागलं होतं आणि 1973-74 मध्ये आपल्याकडचे घाऊक भाव सुमारे 20 टक्क्यांनी चढले होते. धनादेश हाती पडला तो नेमका त्या वर्षात.