कात्रजच्या नळाची कुळकथा

धरण म्हणजे काय, हे घोटावड्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. मुळेचे पाणी अडवून, ते सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरवून मुंबईला वीज पुरविण्याच्या टाटा कंपनीच्या योजनेविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या मुळशी तालुक्यात सत्याग्रह झाला, त्याच तालुक्यातले हे गाव. म्हणूनच आम्ही गावची काही मंडळी कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत पेशवाईतील नळाच्या मार्गाने पायी निघालो, तेव्हा हे पाणी कोठून घेतले आणि कोणाच्या घागरीत पडले, हा प्रश्न वाटभर आमच्या सोबत होता.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (1740–1761) पुण्यास सरदार, कारकून, कारागीर व सावकार यांची वर्दळ वाढली, नव्या पेठा वसल्या, आणि उन्हाळ्यात रोडावणारी मुठा व वाड्यांतील आड यांच्यावर त्या वस्तीचा निर्वाह होईना. तेव्हा 1750 च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस सुमारे तीन कोसांवर, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी, आंबील ओढ्याचे पाणी दगडी बंधाऱ्यांनी अडविण्याचे काम हाती घेण्यात आले. ही विद्या दख्खनला नवी नव्हती. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहरीचे पाणी खेळविले होते, आणि कात्रजचा नळ त्याच घराण्यातला आहे असे मी मानतो.

कात्रजला तलाव दोन: वरच्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्यात यावे, अशी योजना. तेथून पुढे जमिनीखालून दगड-चुन्याचा, माणसाला आत शिरून साफसफाई करता येईल एवढा कमानदार मार्ग शहराकडे जातो. पाणी उचलण्यास ना मोट, ना रहाट. सारा व्यवहार उताराचा. उतार फार द्यावा तर पाण्याच्या वेगाने चुना निघणार, कमी द्यावा तर गाळ साचून मार्ग तुंबणार. या दोहोंच्या मधली उताराची मापे गवंड्यांनी कोसच्या कोस सांभाळली, आणि तीही बहुतांशी जमिनीच्या पोटात. वाटेत ठिकठिकाणी उभे केलेले मनोऱ्यासारखे दगडी बांधकाम म्हणजे ‘उच्छ्वास’. कोंडलेली हवा पाण्याची वाट अडविते, ती त्याच्या तोंडातून बाहेर पडते, आणि आत उतरून गाळ काढण्यासही तीच वाट. अशा एका उच्छ्वासाला मी हात लावून पाहिला. दगडांचे सांधे अजून घट्ट आहेत. चुन्यात मात्र पिंपळाने मूळ रोवले आहे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढले नाही तर हा उच्छ्वास उकलल्याशिवाय राहणार नाही.

शहरात शिरल्यावर नळाला फाटे फुटतात. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी, नाना हौद: यांतील कितीएक आज केवळ चौकांच्या आणि बसथांब्यांच्या नावांत उरले आहेत. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने आणखी एक नळ सदाशिव पेठेपर्यंत आणविला. बड्या वाड्यांना सरकारच्या परवानगीने स्वतंत्र फाटा मिळे, बाकीच्यांनी हौदावर यावे.

पण हौदावर येण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, आणि या वैभवाचे वर्णन करताना हे वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्यांना अस्पृश्य ठरविले गेले, त्यांना त्या पाण्याला हात लावण्याची मनाई होती. नळ बांधून शतक उलटल्यावर, 1868 साली, जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. जोतीरावांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली बालकन्या काशीबाई हिच्या स्मरणार्थ बांधलेला ‘बाहुलीचा हौद’ही सर्व जातींसाठी होता. कात्रजहून आलेल्या पाण्याचा खरा शेवटचा टप्पा मी शनिवारवाड्याच्या दरवाजात न मानता गंज पेठेत मानतो, आणि पदयात्रेने तेथवर गेलेच पाहिजे असा माझा आग्रह आहे.

1879 साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले, लोखंडी नळांचे पाणी घरोघर पोहोचू लागले आणि हौदांकडे दुर्लक्ष झाले. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनी, 12 जुलै 1961 रोजी, पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकर घागरी घेऊन पुन्हा विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे वळले.