दिवाळखोर कारखान्यातील सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

कंपनीला कर्ज फेडणे अशक्य झाले आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने हंगामी निराकरण व्यावसायिक नेमला, की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन कारभार त्याच्या हाती जातो. गोवा व महाराष्ट्रातील कंपन्यांची अशी प्रकरणे न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. हा व्यावसायिक बहुधा सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा वकील असतो. ताळेबंद तो सहज वाचतो; बॉयलरचा दाब त्याला कळेलच असे नाही. तरीही कारखान्यासोबत बॉयलरही त्याच्याच ताब्यात येतो.

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 मधील कलम 17 ला 2018 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार कंपनीच्या वतीने सर्व लागू कायद्यांचे पालन करण्याची जबाबदारी या व्यावसायिकावर आहे. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाचे 3 जानेवारी 2018 चे परिपत्रक याहून कठोर आहे. कायदा न पाळल्यामुळे झालेला दंड वा नुकसान निराकरण प्रक्रियेच्या खर्चात धरता येत नाही, आणि दोष व्यावसायिकाच्या वर्तनाचा असेल तर तो स्वतः उत्तरदायी ठरतो.

याउलट, चालू कारखाना सुरक्षित ठेवण्यासाठी केलेला खर्च हा व्यवसाय चालू ठेवण्याचा खर्च असतो. निराकरण योजनेत तो बँकांच्या कर्जाच्याही आधी चुकता करावा लागतो. त्यामुळे ‘पैसे नाहीत’ ही सबब कायद्याच्या दृष्टीने लंगडी आहे. प्रत्यक्षात अडचण रोकडीची असते. समितीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे हंगामी कर्ज उभारायचे तर धनको समितीची 66 टक्के मते लागतात. बहुतांशी बँक अधिकाऱ्यांच्या या समितीला गंजलेली झडप आजच बदलणे का निकडीचे आहे हे पटवून देणे सोपे नसते. म्हणूनच ताबा घेताच सुरक्षा तपासणी करून तिचा अहवाल समितीपुढे लेखी ठेवणे हे व्यावसायिकाच्याही हिताचे असते.

खरी गुंतागुंत ‘भोगवटादार’ या संज्ञेत आहे. कारखाने अधिनियम, 1948 नुसार कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार म्हणजे तिचा एखादा संचालक. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेतही हीच रचना आहे. निलंबन होते ते अधिकारांचे. संचालकपद जात नाही. अपघात घडल्यास संचालक ‘ताबा माझ्याकडे नव्हता’ म्हणू शकतो, तर व्यावसायिक ‘मी संचालक नव्हे’ म्हणू शकतो. नव्या संहितेनुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान 5 लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पीडिताला वा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. सद्भावनेने केलेल्या कृत्याला दिवाळखोरी संहितेचे कलम 233 संरक्षण देते. धोका ठाऊक असूनही गप्प राहणाऱ्याला त्याचा आधार मिळणे कठीण.

बंद कारखान्याकडे तर दुप्पट लक्ष हवे. भोपाळची युनियन कार्बाइड दिवाळखोर नव्हती, मात्र तेथील प्रकल्प तोट्यात होता. डिसेंबर 1984 च्या त्या रात्री मिथाईल आयसोसायनेटचे उत्पादन बंदच होते. टाकीत साठा होता, आणि तो थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. पगार थकल्याने अनुभवी ऑपरेटर निघून जातात, थकीत बिलापोटी वीज तोडली जाते, पहारेकऱ्यांची संख्या घटते, साठा मात्र तसाच राहतो. मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांतील अमोनियाची व्यवस्था हे किनारपट्टीला परिचित उदाहरण.

संहितेच्या कलम 14 खालील स्थगितीचा अर्थही अनेकदा चुकीचा लावला जातो. या काळात केवळ नादारीच्या कारणाने परवाना रद्द करता येत नाही, परंतु असुरक्षितता हे वेगळे कारण आहे. कामगारांनी धोक्याची तक्रार कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे पूर्वीप्रमाणेच करावी. प्रत व्यावसायिकाला द्यावी आणि पोच घ्यावी, म्हणजे त्याला धोक्याची कल्पना होती याचा पुरावा राहतो.