झोळीची खोली: लॅक्रॉसच्या काठीवरील पारंपरिक विणीचा इतिहास

लॅक्रॉस या खेळाचा लिखित इतिहास बहुधा झाँ द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकापासून सुरू केला जातो. ह्युरॉन लोकांत आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून हा खेळ खेळविला जात असे, अशी नोंद त्याने १६३६ मध्ये केली. त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष सामने, नियम व संघ यांकडे वळते. काठीचा विचार झालाच, तर तो लाकडापुरता होतो. चेंडू ज्या झोळीत विसावतो, ती झोळी कशी विणली जाई आणि तिची खोली ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे.

मूलनिवासी जमातींत काठीचे तीन मुख्य प्रकार आढळतात. महासरोवरांच्या प्रदेशातील काठीला लहान गोल कडे असे. आग्नेयेकडील चॉक्टॉ व चेरोकी खेळाडू दोन्ही हातांत एकेक आखूड काठी धरीत. हौडेनोशोनी (इरोक्वॉय) राष्ट्रांची काठी टोकाशी आकड्यासारखी वाकविलेली असे. आजच्या खेळाची काठी या तिसऱ्या प्रकारातून आली. हिकरीचे लाकूड वाफवून वाकवितात व वाळू देतात. वाकविलेल्या लाकडाने झोळीची एकच बाजू बंद होते. दुसरी बाजू तातीची वा कच्च्या चामड्याची जाड भिंत विणून उभारावी लागते. म्हणजे काठीचे अर्धे डोके सुताराचे व अर्धे विणणाऱ्याचे असते.

प्रत्यक्ष झोळीचा उभा ताणा म्हणजे चामड्याच्या वाद्या. त्या साधारणतः चार असतात. वरच्या वाकाला पाडलेल्या भोकांतून त्या ओवून खाली गळ्याशी आणतात आणि तेथे बांधून त्यांची टोके मोकळी लोंबती ठेवतात. ही लोंबती टोके निरुपयोगी शेपटे नव्हेत. झोळीची खोली त्यांवरच अवलंबून असते. मग एक लांब दोरी एका भिंतीकडून दुसरीकडे तिरकी नेत, वाटेतील प्रत्येक वादीला वेढा देत, पुन्हा परत आणली जाते. या येरझाऱ्यांतून शंकरपाळ्याच्या आकाराची घरे तयार होतात. वेढा सैल पडला तर वादी सरकते, फार आवळला तर झोळी ताठ होऊन चेंडू उसळतो. टोकाजवळ आडव्या आणखी काही दोऱ्या ओवतात, त्यांच्यामुळे चेंडू अडखळत नाही, ठरावीक कोनात सुटतो. विणून झाल्यावर चेंडू दाबून, आपटून झोळीला आकार दिला जातो. पावसात चामडे ताणते व झोळी खोल होते. खेळाडू खालच्या गाठी सोडून वाद्या पुन्हा ओढून घेतो. एकदा विणून झाली की काम संपले, असे या झोळीच्या बाबतीत होत नाही.

माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ मध्ये खेळाचे नियम संहिताबद्ध केले. त्यांत जाळी तातीची असावी व तिला झोळ नसावा, अशी अट होती. आज झोळी हाच काठीचा प्राण मानला जात असताना ही अट चमत्कारिक वाटते. परंतु जे कोणी करतच नाही त्यावर बंदी घालण्याची गरज पडत नाही. त्या काळीही कोणीतरी जाळीला झोळ देत असावे, असे अनुमान यावरून करता येते. ज्या मोहॉक खेळाडूंकडून माँट्रियलच्या नागरिकांनी हा खेळ घेतला, त्यांनाच पुढे १८८० च्या सुमारास 'धंदेवाईक' ठरवून हौशी अजिंक्यपद स्पर्धांतून वगळण्यात आले. काठ्या मात्र त्यांच्याच हातच्या लागत! खेळावरील हक्क व कारागिरी यांची ही फारकत मला या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. जागतिक अजिंक्यपदात हौडेनोशोनी संघ आपल्या नावाने प्रथम उतरला, तो १९९० साली.

आक्वेसास्ने येथील मोहॉक वस्तीतील काठ्यांचा मोठा कारखाना १९६८ मध्ये जळाला आणि १९७० मध्ये प्लॅस्टिकचे डोके बाजारात आले. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याची प्रथा आहे. ती पूर्णतः पटत नाही. लाकडी काठी जड असे, दोन काठ्या सारख्या नसत आणि हिकरीला वाळण्यास वेळ लागे. आगीने घडून येणारा बदल लवकर घडविला, इतकेच. महत्त्वाचे हे की प्लॅस्टिकने लाकूड हटविले, वीण हटविली नाही. नव्या डोक्याच्या भोकांतूनही तशाच वाद्या व तशाच तिरक्या दोऱ्या ओवल्या गेल्या. ती जागा तयार नायलॉनच्या जाळीने नंतर घेतली आणि तीही प्रथम पुरुषांच्या खेळात. स्त्रियांच्या खेळात, ज्याची आधुनिक सुरुवात १८९० मध्ये स्कॉटलंडमधील सेंट लिओनर्ड्स शाळेत झाली, पारंपरिक वीण दीर्घकाळ नियमानेच बंधनकारक राहिली. हौडेनोशोनी परंपरेनुसार पुरुषांच्या लाकडी काठीला स्त्रिया हात लावीत नाहीत. तरीही वाद्यांची वीण स्त्रियांच्या खेळानेच अधिक काळ टिकविली.

ऑनोंडागा कारागीर आल्फ जॅक्स यांनी १९६२ मध्ये, कुमारवयात, वडिलांसह काठ्या करण्यास आरंभ केला, कारण विकत घेण्याची ऐपत नव्हती. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी ही विद्या तरुणांना शिकविली होती. रोगनिवारणार्थ खेळल्या जाणाऱ्या सामन्यात हौडेनोशोनी लोक आजही लाकडी काठीच वापरतात.