मिनिक्स

मिनिक्स ही युनिक्सशी मिळतीजुळती संगणक संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम आहे. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या अँड्र्यू टॅनेनबाम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली. १९८७ साली ती एका पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध झाली. संचालन प्रणाली आतून कशी असते, हे विद्यार्थ्यांना तिचा सोर्स कोड वाचून आणि बदलून शिकता यावे, हा तिच्यामागील हेतू होता. लिनक्सच्या जन्मात तिचा वाटा असल्यामुळे संगणनाच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

युनिक्सचा विकास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून सुरू झाला. बेल प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या मालकीची होती. १९७५ साली आलेली युनिक्सची सहावी आवृत्ती सोर्स कोडसह अनेक विद्यापीठांत पोहोचली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी या आवृत्तीच्या कर्नलवर ओळीओळीने भाष्य लिहिले आणि वर्गात ते पाठ्यपुस्तक म्हणून वापरले.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून मात्र एटी अँड टीने परवान्यात बदल केला आणि युनिक्सचा सोर्स कोड अभ्यासक्रमात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्यही अनेक वर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. ते रीतसर ग्रंथरूपाने १९९६ साली प्रकाशित झाले. या मनाईमुळे अनेक विद्यापीठांत संचालन प्रणालीचे शिक्षण केवळ सिद्धांतापुरते उरले. टॅनेनबाम यांच्या मते त्यातून विषयाचे एकांगी चित्र उभे राहत असे. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रामला कधी द्यावा, याची चर्चा पुस्तकांत पानेच्या पाने चाले, पण प्रत्यक्षात त्याचा कोड जेमतेम पानभर असे. याउलट इनपुट-आउटपुट आणि फाइल व्यवस्था यांत बहुतांश काम असूनही, त्यांचा सिद्धांत थोडा असल्याने ते विषय मागे पडत.

निर्मिती

एटी अँड टीच्या कोडची एकही ओळ न घेता, वापरणाऱ्याला सातव्या आवृत्तीसारखीच वाटेल अशी प्रणाली नव्याने लिहिण्याचे टॅनेनबाम यांनी ठरवले. त्यासाठी त्यांनी आयबीएम पीसी हा स्वस्त आणि सहज मिळणारा संगणक निवडला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर होता. हार्ड डिस्क नसलेल्या, २५६ किलोबाइट मेमरी आणि ३६० किलोबाइटची फ्लॉपी असलेल्या यंत्रावरही प्रणाली चालावी, अशी मर्यादा त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती.

चाचणीसाठी त्यांनी ८०८८ प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. या नकलेवर मिनिक्स सुरळीत चाले. खऱ्या यंत्रावर मात्र काही वेळाने कोणत्याही दिसणाऱ्या कारणाशिवाय बंद पडे. प्रकल्प सोडून देण्याची वेळ आली असताना एका विद्यार्थ्याकडून त्यांना समजले की, प्रोसेसर तापला की तो १५ क्रमांकाचा इंटरप्ट देतो. प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नव्हता. या इंटरप्टची दखल घेणारा कोड घातल्यावर दोष दूर झाला.

१९८७ साली प्रेंटिस हॉल या प्रकाशनसंस्थेने ‘ऑपरेटिंग सिस्टीम्स : डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन’ हे पाठ्यपुस्तक प्रकाशित केले. मुख्यतः सी भाषेत लिहिलेल्या मिनिक्सच्या सुमारे १२,००० ओळी त्यात छापल्या होत्या. संपूर्ण प्रणाली फ्लॉपींवर वेगळी विकत मिळत असे.

रचना

पारंपरिक युनिक्समध्ये मेमरीचे व्यवस्थापन, फाइल व्यवस्था आणि उपकरणे चालवणारे ड्रायव्हर हे सर्व एकाच मोठ्या कर्नलमध्ये असते. मिनिक्समध्ये मेमरी व्यवस्थापक आणि फाइल व्यवस्था हे कर्नलबाहेर चालणारे स्वतंत्र प्रोग्राम आहेत. ते कर्नलमार्फत एकमेकांना संदेश पाठवून काम करतात. या पद्धतीला मायक्रोकर्नल म्हणतात. तिच्यात संदेशांच्या देवाणघेवाणीत काही वेळ खर्च होतो. परंतु प्रत्येक भाग सुटा वाचता व समजून घेता येतो. पहिल्या आवृत्तीत ड्रायव्हर मात्र कर्नलसोबतच ठेवलेले होते.

लिनक्सशी संबंध

१९९१ च्या प्रारंभी हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवली. मिनिक्समध्ये काम करतच त्यांनी स्वतःचा कर्नल लिहिला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्सच्या चर्चागटात त्याची माहिती दिली. सुरुवातीच्या लिनक्सने मिनिक्सचीच फाइल व्यवस्था स्वीकारली होती. कोड मात्र स्वतंत्र होता.

मिनिक्समध्ये नव्या सोयींची भर घालावी, अशी अनेक वापरकर्त्यांची मागणी होती. प्रणाली एका सत्रात शिकवून होण्याइतकी लहानच राहावी, या भूमिकेवर टॅनेनबाम ठाम होते. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी लिनक्सची एकसंध रचना कालबाह्य असल्याचे लिहिले. टोरवाल्ड्स यांनी त्याला जोरदार उत्तर दिले. हा वाद संगणकशास्त्रात आजही उद्धृत केला जातो.

परवाना आणि पुढील आवृत्त्या

मिनिक्सचा सोर्स कोड आरंभापासून वाचता येत होता, परंतु त्याच्या पुनर्वितरणावर प्रकाशकाचे निर्बंध होते. एप्रिल २००० मध्ये ती बीएसडी परवान्याखाली खुली झाली. तोवर मुक्तपणे वाटता येणारे लिनक्स बरेच पुढे गेले होते.

पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत १९९७ मध्ये मिनिक्स २ आली. २००५ मध्ये जाहीर झालेल्या मिनिक्स ३ चा रोख अध्यापनाबरोबरच विश्वासार्हतेवर होता. तिच्यात ड्रायव्हरही कर्नलबाहेर काढण्यात आले. एखादा ड्रायव्हर बंद पडल्यास संगणक न थांबवता तो पुन्हा सुरू करता येतो. तिची ३.३.० ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रभाव

इंटेलच्या अनेक प्रोसेसरसोबतच्या चिपसंचात मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक लहान स्वतंत्र संगणक असतो. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या मिनिक्सवर चालतात, हे २०१७ मध्ये व्यापकपणे ज्ञात झाले. परवान्यानुसार इंटेलवर ते कळवण्याचे बंधन नव्हते, असे टॅनेनबाम यांनी खुल्या पत्रात नमूद केले; मात्र शिष्टाचार म्हणून कळवायला हवे होते, असेही त्यांनी लिहिले. विद्यार्थ्यांना कोड पाहता यावा म्हणून लिहिलेली ही प्रणाली अशा रीतीने असंख्य संगणकांत वापरणाऱ्यांच्या नजरेआड पोहोचली.

मिनिक्ससाठी टॅनेनबाम यांना असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेचा २०२३ चा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार देण्यात आला.