पडलेल्या पल्ल्याची गोष्ट

हा लेख खरं तर मे महिन्यातच लिहायचा होता. पण तेव्हा राग होता, आणि रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. आता पाऊस सुरू झालाय, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटका करून घेतलेला एक आख्खा शनिवार हातात आहे, तर लिहून टाकतो.

आमचं घर पवनारला. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की धाम नदीचा पूल लागतो, तिथं विनोबांचा आश्रम. त्या गावात आमचं जुनं घर आणि त्यावर मी दोन वर्षांपूर्वी चढवलेली एक खोली. 'मी' म्हणजे पैसे माझे, नकाशा माझा, आणि सूचना सगळ्या पुण्यातून फोनवर. खोलीत उजेड हवा म्हणून एका खिडकीच्या वरच्या भागात काचेचा एक पल्ला (आमच्याकडे झडपेला पल्ला म्हणतात) कायमचा बसवून टाकायला सांगितलं. उघडायचा नाही, बंद करायचा नाही, नुसता उजेड द्यायचा. बिजागऱ्यांचा खर्च वाचला म्हणून मी तेव्हा खूश होतो.

विदर्भात मे महिन्यात कोणी घरात झोपत नाही. बाबांची खाट अंगणात असते, नेमकी त्या खिडकीखाली. एका रात्री वावधन सुटलं. बाबा पाणी प्यायला म्हणून घरात गेले आणि मागे काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. आख्खा पल्ला, चौकटीतून सुटून, काचेसकट खाटेवर. उशीत काचेचा एक तुकडा उभा रुतला होता.

बाबांनी सकाळी फोन केला तो पेपरवाला आला नाही हे सांगायला. मग आवाज न चढवता म्हणाले, "आणि हो, तुझी ती खिडकी पडली."

तुझी.

पुढच्या शुक्रवारच्या रात्रीच्या बसनं गेलो. ज्यानं काम केलं त्याच्याशी भांडायचं ठरवून गेलो होतो. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना बोलावलं, त्यांनी तो पल्ला हातात धरून उलटासुलटा केला आणि एकच प्रश्न विचारला, "हा बाहेरून कोनं लावाले सांगतला जी?"

मीच सांगितलं होतं. आतला रंग खराब होऊ नये म्हणून पल्ला बाहेरून बसवा, पट्टी बाहेरून मारा, कडेनं सिलिकॉन भरा. मिस्त्री म्हणाले, "ज्या बाजूनं लावता येते, त्याच बाजूनं पडते. अन् त्याले फुगाले जागाच नाही ठेवली तुमी. लाकूड हाय ते, दगड नोहे."

ही दोन वाक्यं डोक्यात घेऊन मी पुण्याला परतलो. आणि मग नेहमीप्रमाणे माझं व्हायचं ते झालं, म्हणजे एका खिडकीसाठी दीड हजार वर्षं मागे गेलो. मी इतिहासकार नाही, हे नेहमीचं डिस्क्लेमर. पण एक न हलणारी वस्तू चौकटीत धरून कशी ठेवायची, या प्रश्नाला आपल्या मुलखात मिळालेली उत्तरं बघण्यासारखी आहेत.

सुरुवात आमच्या गावापासूनच करतो. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. पुढं मनसरचंही नाव त्यासाठी घेतलं गेलं, पण आमच्या गावात अजून मिराशीच जिंकतात :) आश्रमाच्या जमिनीत निघालेली शिल्पं आजही तिथं आहेत. विनोबांना शेत खणताना सापडलेली भरत-रामाची मूर्ती त्यातलीच. १९६७ साली नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी. अशा उत्खननात विटा मिळतात, खापरं मिळतात, नाणी मिळतात. खिडकी मिळत नाही. आपल्या हवेत लाकूड दीड हजार वर्षं टिकत नाही, वाळवी ते ठेवत नाही. मग राजधानीतल्या लोकांच्या खिडक्या कशा होत्या हे कळायचं कुठून?

तर ज्या खिडक्या दगडात होत्या तिथून. वाकाटकांचीच दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. त्या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवलं. लेण्यातल्या शिलालेखात त्या वास्तूच्या वर्णनात गवाक्षांचाही उल्लेख आहे. आज तिथं गेलात तर दारंही नाहीत आणि झडपाही नाहीत. भिक्षूंच्या खोल्यांच्या उंबऱ्यांशी आणि वर छताशी फक्त गोल खळगे दिसतात. लाकूड गेलं, भोकं राहिली.

आपण त्या खळग्यांवरून पाय टाकून चित्रं बघायला पुढे जातो. वॉल्टर स्पिंक नावाचा अमेरिकन अभ्यासक मात्र तिथं थांबला. २०१९ साली वारला तो. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यानं अजिंठ्यात घालवली. दारं-खिडक्या बसवण्याची पद्धत लेण्यांमध्ये हळूहळू बदलत गेली आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं खळग्यांचे प्रकार पाडले, त्यांना अक्षरं दिली, आणि कुठलं लेणं आधीचं, कुठलं नंतरचं, हे सांगायला इतर पुराव्यांबरोबर हे खळगेही वापरले. त्याच्या कालगणनेवर वाद आहेत, ते असू देत. पण मला भावलं ते असं की सुताराच्या एका भोकावरून इतिहासाचा क्रम लावता येतो. आपण कोडमधल्या कॉमेंट आणि फंक्शनच्या नावांवरून कुठला भाग कुणी कधी लिहिला ते ओळखतो, तसंच हे.

खळग्यात बसणाऱ्या दाराची युक्ती जुन्या वाड्यांतही दिसते. पल्ल्याला वर आणि खाली एकेक खुंटी. वरचा खळगा खोल, खालचा उथळ. पल्ला उचलून वरच्या खळग्यात सारायचा, खालच्यावर आणायचा आणि सोडून द्यायचा. आपल्याच वजनानं तो बसतो. त्याला खिळा नाही, बिजागरी नाही. काढायचा असेल तर पुन्हा उचला. विश्वास ठेवा, तुमच्या फ्लॅटमधली अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आजही अशीच बसवतात. वरच्या पट्टीत उचलून घालायची, खालच्या पट्टीत सोडायची.

पण या झाल्या उघडणाऱ्या झडपा. न उघडणाऱ्या, नुसता उजेड देणाऱ्या खिडकीसाठी पारदर्शक काहीतरी लागतं. घरोघरी काच यायच्या आधी आपल्याकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते समुद्रानं दिलं होतं. गोव्यातली जुनी घरं पाहिली असतील तर शिंपल्यांच्या खिडक्या आठवतील. एका जातीचा चपटा, पातळ, जवळजवळ काचेसारखा शिंपला कापून चौकोनी करायचा. लाकडी पट्ट्यांना दोन्ही कडांनी खोबणी पाडायची आणि त्या खोबण्यांतून एकेक शिंपला सरकवत न्यायचा. मुंबईतही हे होतं. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर तिथं आला, त्यानं काचेऐवजी शिंपले लावलेल्या खिडक्यांची नोंद केली आहे. इथंही शिंपला खिळ्यानं धरलेला नाही, खोबणीनं धरलाय. थोडा सैल. पावसाळ्यात पट्टी फुगली तरी शिंपला तडकत नाही. एखादा फुटलाच तर तेवढाच बदलता येतो.

काच आमच्याकडे आली ती रेल्वेच्या मागोमाग. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. त्यानंतर सरकारी बंगले, कचेऱ्या, स्टेशनं, आणि त्यांच्याबरोबर काचेच्या तावदानांच्या खिडक्या. काच बसवण्याची पद्धत साहेबाची: पल्ल्याला आतून खाच, खाचेत काच, बारीक चुका ठोकून तिला अडवायचं आणि वरून पुट्टी. आता ही पुट्टी कशाची? खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. जवस! ज्याची चटणी आमच्याकडे भाकरीबरोबर खातात ते. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातून जवसाची मोठी निर्यात व्हायची. म्हणजे विलायतेतल्या खिडक्यांच्या काचा धरून ठेवण्यात आमच्या काळ्या मातीचाही हातभार लागला असणार. जवसाची पुट्टी लगेच दगड होत नाही, तिला कडक व्हायला वेळ लागतो. तोवर ती काचेच्या हालचालीला सांभाळून घेते. तरीही काच अडवते ती खाच आणि चूक. पुट्टी फक्त पाणी रोखते.

खिडकी म्हणजे काच, हे समीकरण मात्र आमच्याच जिल्ह्यात एकानं मोडलं. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. जवळपास मिळेल त्याच सामानात घर बांधायचं ही त्यांची अट. माती, बांबू, गावठी लाकूड. पवनारहून ते फार लांब नाही. शाळेची सहल दरवर्षी तिकडेच जायची आणि दरवर्षी मला कंटाळा यायचा. या वेळी मुद्दाम गेलो आणि बापूकुटीच्या बांबूच्या खिडक्या नीट पाहिल्या. जिथं काच नाही, तिथं काच फुटायचा प्रश्नच नाही. प्रश्न सोडवण्यापेक्षा तो काढून टाकणं, हे आमच्या धंद्यातही सगळ्यात अवघड काम असतं.

आता माझ्या खिडकीकडे येतो. पुण्यात आल्यावर मी ते करून बघितलं जे आधी करायला हवं होतं: हिशोब. वाऱ्याचा भार काढायला आपल्याकडे भारतीय मानक ८७५, भाग ३ आहे. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो, चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. माझा पल्ला ६० सेंटिमीटर बाय ९०. म्हणजे त्यावर येऊ शकणारा भार साधारण ६४ किलो. एक मोठा माणूस त्याला टेकून उभा राहावा इतका. त्या रात्री वारा एवढा नसेलही. पण खोलीचं दार उघडं होतं. वारा दारातून आत शिरला, पल्ल्याला आतून रेटा बसला, आणि बाहेर त्याला अडवायला काय होतं? पाच-सहा बारीक चुका मारलेली अर्ध्या इंचाची पट्टी.

त्या चुका तरी घट्ट होत्या का? नाही. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत बदलतं. पावसाळ्यात ओल शोषून फुगतं, मे महिन्याच्या कोरड्या झळांत आकसतं. तीन इंच रुंद पट्टीत हा फरक मिलिमीटरभर सहज होतो. चौकट आणि पल्ला एकमेकांना चिकटवून बसवलेले. पावसाळ्यात पल्ला फुगला, जागा नव्हती म्हणून त्यानं बाहेरची पट्टी ढकलली, चुका केसभर वर आल्या. उन्हाळ्यात पल्ला आकसला, पण चुका काही परत आत गेल्या नाहीत. दोन पावसाळे, दोन उन्हाळे. पल्ला पडला त्या रात्री, पण सुटायला लागला होता पहिल्याच पावसात. मी तो टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनला टाकला होता, आणि माझ्या प्रॉडक्शनमध्ये खाली बाबांची खाट होती.

अजिंठ्याचा खळगा, शिंपल्याची खोबणी, साहेबाची खाच, या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसली. धरण्याचं काम आकारानं केलंय. खिळा, चूक, पुट्टी हे मदतनीस. आणि प्रत्येक ठिकाणी थोडी सैल जागा ठेवली आहे. मी नेमकं उलट केलं. आकार काढून टाकला, सगळा भार मदतनीसांवर टाकला, आणि सैल जागा सिलिकॉननं भरून वर 'फिनिशिंग' छान झालं म्हणून स्वतःची पाठ थोपटली. 'फिक्स' या शब्दानं माझा घात केला. मला वाटलं, फिक्स म्हणजे चिकटवलेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी फोनवर नाही, समोर उभं राहून काम करून घेतलं. खरं म्हणजे मिस्त्रींनी केलं, मी चहा आणून दिला. चौकटीला बाहेरच्या बाजूनं सागाची जाड पट्टी, कायमची, स्क्रूनं आवळलेली. पल्ला आतून त्या पट्टीवर टेकवला. खाली दोन टोकांना सागाचे छोटे ठोकळे, त्यांच्यावर पल्ल्याचं वजन. दोन्ही बाजूंना आणि वर तीन-तीन मिलिमीटर मोकळी जागा. आतून दुसरी पट्टी, तीही स्क्रूनं, म्हणजे उद्या काच फुटली तर पाच मिनिटांत निघेल. आता पल्ला सुटलाच तर खोलीत पडेल, अंगणात नाही. मी विचारलं, "फट राहिली ती भरायची नाही का?" मिस्त्री हसले. "भरा ना, पन गच्च नोका भरू. थोडा हालू द्या जी त्याले. हालते तेच टिकते."

पैसे विचारले तर जे सांगितले ते माझ्या सिलिकॉनच्या ट्यूबांपेक्षाही कमी होते. मी जास्त देऊ केले. घेतले नाहीत.

संध्याकाळी बाबांनी वर येऊन पल्ल्याला हात लावून बघितला. आतून एकदा ढकलला, मग थोडं जोर लावून पुन्हा ढकलला. "बरा बसलाय," एवढंच म्हणाले. रात्री त्यांनी खाट अंगणात टाकली.

खिडकीपासून चार हात लांब. मी काही बोललो नाही.